साखळीत नसलेली नावे
वाचन : २ तीमथ्य १:५



आपल्यात मुलाच्या नावापुढे बापाचे नाव लावतात. त्यामुळे नावांवरून घराण्याचा माग काढता येतो. अशोक देवदत्त टिळक, देवदत्त नारायण टिळक, नारायण वामन टिळक : तीन नावे वाचली की चार पिढ्या कळतात. रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, तरी वडिलांचे नाव त्यांनी टाकले नाही.

पण या साखळीत देवदत्तांच्या आई लक्ष्मीबाई कोठे आहेत? या रीतीत आईला जागाच नव्हती.

तीमथ्याच्या विश्वासाचा माग पौल निराळ्या वाटेने काढतो. तीमथ्याचे वडील हेल्लेणी होते. शास्त्रात त्यांचे नावही नाही. नावे आहेत ती आजी लोईस व आई युनीके यांची, कारण तो विश्वास प्रथम त्यांच्या ठायी होता.

म्हणून आम्हांला वाटते, शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी येत्या रविवारी मुलांना आजी-पणजींची नावे घरी विचारून लिहून आणायला सांगावे. पुष्कळ घरांत ती सांगणारे एखादेच वृद्ध माणूस उरले आहे. ते प्रभूकडे गेल्यावर विचारायचे कोणाला? बापाच्या नावाने आपण ओळखले जातो. पण गुडघे टेकायला आपल्याला कोणी शिकवले, तेही मुलांना ठाऊक असू द्या.