बढतीची तारीख

समजा, कारंजा (घाडगे) तालुक्यातल्या एका पदवीधर शेतकऱ्याला टेरिटोरियल आर्मीत कमिशन मिळाले आहे. घरची संत्र्याची बाग आहे. वर्षातले साधारण दोन महिने तो गणवेशात असतो. ते दोन महिने मृग बहाराच्या तोडणीत आले, तर बाग बायको आणि भाऊ सांभाळतात. पुढच्या हुद्द्याच्या सगळ्या अटी त्याने मार्चमध्ये पूर्ण केल्या. आदेश निघाला ऑक्टोबरमध्ये आणि दप्तरात बढतीची तारीखही ऑक्टोबरचीच पडली. तो अर्ज करतो: बढतीची तारीख दुरुस्त करून मिळावी.

हा अधिकारी काल्पनिक आहे, त्याची अडचण मात्र खरी आहे. असा अर्ज टेबलावर आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: बढती मिळाली ना, मग सात महिन्यांचे एवढे काय? हा प्रश्न विचारणाऱ्याला अर्धवेळ सैनिकाची नोकरी कशी मोजतात हेच ठाऊक नसते, असे माझे मत आहे.

टेरिटोरियल आर्मी (टीए), म्हणजे प्रादेशिक सेना, १९४८ च्या कायद्याने उभी राहिली. ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी तिचे उद्घाटन केले. पोटापाण्याचा दुसरा उद्योग असलेल्या नागरिकाने काही काळ सैनिक व्हावे, ही तिची मूळ कल्पना. कारंज्याहून नागपूरच्या रस्त्याला लागले की पाऊणशे किलोमीटरच्या आसपास सीताबर्डीचा किल्ला येतो. तिथे ग्रेनेडियर्सची ११८ वी टीए बटालियन आहे. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला किल्ला लोकांसाठी खुला होतो, तेव्हा आपण मुलाबाळांसह तो पाहून येतो. पण तिथल्या सैनिकाची सेवा कशी मोजली जाते, हा विचार आपल्या मनात येत नाही.

नियमित लष्करात अजय विक्रम सिंग समितीच्या शिफारशींनंतर, १६ डिसेंबर २००४ पासून, हिशेब सरळ आहे: दोन वर्षांनी कॅप्टन, सहा वर्षांनी मेजर, तेरा वर्षांनी लेफ्टनंट कर्नल. इतर अटी पूर्ण असतील, तर बोटावर मोजून तारीख सांगता येते. टीएच्या अधिकाऱ्याची नोकरी तुकड्यातुकड्यांची. तो सेवेवर हजर झाला की एक नोंद, परत गेला की दुसरी, शिबिर झाले की तिसरी, वैद्यकीय तपासणीची आणखी वेगळी. या नोंदी पार्ट टू ऑर्डरमधून दप्तरात जातात. त्यांतली एक निघायची राहिली, तर माणसाने केलेली सेवा कागदावर उरतच नाही. निवृत्तिवेतनासाठी टीएच्या अधिकाऱ्याला प्रत्यक्ष सेवेवर असल्याची वीस वर्षे भरावी लागतात. घर, बाग आणि गणवेश सांभाळत ज्याला दिवस दिवस जोडून ती वीस वर्षे गाठायची आहेत, त्याला सात महिने क्षुल्लक कसे वाटतील?

पगाराचेच पाहा. सातव्या वेतन आयोगानंतर वेतनवाढीच्या तारखा दोनच, १ जानेवारी आणि १ जुलै. १ जुलैला बढती मिळालेल्याला पुढची वेतनवाढ १ जानेवारीला मिळते. २ जुलैला मिळालेल्याला थेट पुढच्या वर्षीच्या १ जुलैला. एका दिवसाने सहा महिन्यांचा फरक पडतो. शिवाय एकाच हुद्द्याचे दोघे असतील, तर ज्याची तारीख आधीची तो ज्येष्ठ, आणि सैन्यात ज्येष्ठता म्हणजे हुकूम कोणी द्यायचा याचा निर्णय.

दुसरी बाजूही खोटी नाही. ज्येष्ठतेच्या यादीत एक वर चढला की कोणीतरी खाली जातो, आणि त्याचा काही दोष नसतो. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली तरसेम सिंग प्रकरणात हीच रेषा आखली. १९८३ मध्ये वैद्यकीय कारणावरून सैन्यातून बाहेर काढलेला हा सैनिक अपंगत्व निवृत्तिवेतनासाठी १९९९ मध्ये उच्च न्यायालयात गेला होता. न्यायालयाचे म्हणणे असे, की पगार किंवा निवृत्तिवेतनाची चूक दर महिन्याला नव्याने घडते, म्हणून उशीर झाला तरी ती दुरुस्त करता येईल. थकबाकी मात्र तीन वर्षांचीच. बढती आणि ज्येष्ठतेत तिसऱ्या माणसाचा हक्क गुंतलेला असतो, तिथे उशिरा केलेला दावा शिळा ठरतो.

तिसऱ्या माणसाचा विचार न्यायालयाने केला, हे मला पटते. पण मूळ नोंद कोणी चुकवली, हा प्रश्न त्यात मागे राहतो. तारीख लिहिणारे कार्यालय, दप्तर ठेवणारे कार्यालय, आणि उशीर झाला म्हणून अर्ज परतवणारेही कार्यालयच. ज्याच्या हाती कागद नव्हता, त्याला मात्र वेळेत का आला नाहीस असे विचारले जाते.

यातून वाट आहे, आणि ती महाराष्ट्राच्या राज्य सेवेत जुनी आहे. डावलल्या गेलेल्या कर्मचाऱ्याला आपल्याकडे मानीव दिनांक देतात. बढती ज्या दिवशी मिळायला हवी होती, तो दिवस कागदावर मानला जातो. मधल्या काळाची थकबाकी बहुधा मिळत नाही. त्या पदावर काम केले नाही तर पगार कसला, असा युक्तिवाद होतो. पण १९९१ च्या जानकीरामन निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की माणूस काम करायला तयार असताना प्रशासनानेच त्याला दूर ठेवले असेल, तर हा नियम सरसकट लावता येत नाही. हा विचार लष्करी दप्तरालाही लागू व्हावा. जिथे दुसऱ्याची ज्येष्ठता हलते, तिथे त्याचेही म्हणणे ऐकावे. जिथे प्रश्न फक्त पगाराचा आणि निवृत्तिवेतनाचा आहे, तिथे खरी तारीख मानायला अडचण कोणाची?

एका अधिकाऱ्याची तक्रार किती दूर जाऊ शकते, हे मेजर ए. के. धनपालन यांनी दाखवले. चौथ्या वेतन आयोगाच्या वेळी, १ जानेवारी १९८६ पासून, हुद्द्याचे वेतन चुकीच्या पद्धतीने वजा झाले, असे त्यांचे म्हणणे होते. केरळ उच्च न्यायालयाने १९९८ मध्ये ते मान्य केले. त्याच मुद्द्यावर हजारो अधिकाऱ्यांना न्याय देणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ४ सप्टेंबर २०१२ रोजी आला. मधे सव्वीस वर्षे गेली.

अमेरिकेत १९४६ पर्यंत लष्करी नोंदींतल्या दुरुस्तीसाठी संसदेत त्या एका माणसापुरते विधेयक आणावे लागे. त्या वर्षीच्या कायद्याने ते काम नागरी सदस्यांच्या दुरुस्ती मंडळांकडे गेले. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांत अर्ज करायचा असतो, आणि न्यायासाठी गरज असेल तर मंडळ ही मुदतही बाजूला ठेवते. आपल्याकडे फक्त नोंदी सुधारणारे असे स्वतंत्र मंडळ नाही. आधी खात्यात निवेदन, मग वैधानिक तक्रार, शेवटी सशस्त्र दल न्यायाधिकरण. त्याचा कायदा २००७ चा. उद्घाटन ८ ऑगस्ट २००९ रोजी झाले, तेव्हाच्या राष्ट्रपती आणि अमरावतीच्या माजी खासदार प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते. महाराष्ट्राचे पीठ मुंबईत, कारंज्याहून सातशे किलोमीटरच्या पलीकडे. अंतिम आदेशानंतर सहा महिन्यांत तिथे जायचे. उत्तरच आले नाही, तर सहा महिने थांबून पुढच्या सहा महिन्यांत. सबळ कारण दाखवले तर उशीर माफ होतो, पण ते कारण सिद्ध करायचे अर्जदारानेच.

हा प्रश्न आता मूठभरांचा राहिलेला नाही. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने लष्करप्रमुखांना टीएच्या अधिकारी-जवानांना सेवेवर बोलावण्याचे अधिकार दिले. ३२ पैकी १४ पायदळ बटालियन तैनात करण्याची त्यात तरतूद होती. गरज पडली की एका आदेशावर ज्याला बाग सोडून यावे लागते, त्याच्या सेवेचा हिशेबही तितक्याच तत्परतेने ठेवला पाहिजे.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक शिबिराच्या शेवटी टीएच्या अधिकाऱ्याला आणि जवानाला त्या वर्षाच्या नोंदींची सही-शिक्क्याची प्रत द्यावी, आणि ज्या वर्षी ती दिली नसेल, त्या वर्षाच्या चुकीला मुदतीचा नियम लावू नये. तोवर गणवेशातल्या वाचकांना एवढीच विनंती: पार्ट टू ऑर्डरची प्रत मागून घ्या, अर्ज लेखीच करा, आणि त्याची पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.