घरच्या वाचनाची निवड

पाचवी ते आठवीच्या मुलांना घरी साहित्य शिकवायचे, तर पुस्तके कोणती निवडावीत? केवळ आपल्या धर्माची, असे काहींचे मत असते. आम्हांस ते पटत नाही. फादर स्टीफन्सांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली प्रसिद्ध झाले, ते संतांच्याच ओवीत. ती ओवी ज्याच्या कानी पडली नाही, त्याला हे पुराणही परकेच वाटेल. पाटणच्या मुलांना तर रामदासांचे चाफळ तालुक्यातच आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त पतीच्या धर्मांतराने घडलेली ताटातूट आहे, ती पाने आपण गाळू नयेत. आपल्या श्रद्धेपायी दुसऱ्याला झालेले दुःख मुलांनी जाणलेच पाहिजे. मात्र त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देण्यासाठी आईवडिलांनी ती पुस्तके आधी स्वतः वाचावीत.