गल्ली कुणाची?

६ डिसेंबरला बडनेऱ्याहून, अकोल्याहून गाड्या खच्चून भरून दादरला जातात. चैत्यभूमीवर माथा टेकून झाला की आपली पोरं म्हणतात, चला, आता मुंबई पाहू. कुणी धारावीत शिरतो, कुणी घाटकोपरच्या चिरागनगरात, जिथं अण्णा भाऊ साठे राहिले. जरूर जा. पण दोस्तहो, एक सवाल सोबत न्या. दुसऱ्याच्या वस्तीत पाय टाकायचा हक्क आपल्याला कुणी दिला?

तुम्ही म्हणाल, रस्ता सार्वजनिक आहे. १९२७ साली महाडच्या तळ्यासाठी, अमरावतीच्या अंबादेवीच्या दारासाठी आपली माणसं याच मुद्द्यावर लढली. बरोबर. जे सार्वजनिक आहे तिथं परवानगी मागायची नसते. घर मात्र सार्वजनिक नसतं. आणि दहा बाय दहाच्या खोलीतलं घर गल्लीत सांडलेलं असतं. बाई तिथंच भांडी घासते, पोरगं तिथंच आंघोळ करतं, रात्रपाळीचा माणूस तिथंच झोपतो. ती गल्ली रस्ताही आहे अन् अंगणही. रस्त्यानं चालायचा हक्क आहे. अंगणात टक लावून पाहायचा नाही.

हे कळायला आपल्याला पोथी नको. देवळाशी, पाणवठ्याशी जायला आपल्याला बंदी होती. आपल्या वस्तीत शिरायला मात्र कुणालाच नव्हती. पाटलानं यावं, फौजदारानं यावं, चुलीपर्यंत डोकावून जावं. गरिबाचं दार हे दारच नाही, असा तो हिशोब. या शतकात धारावी दाखवायच्या तिकिटाच्या सहली निघाल्या. त्यातल्या एका कंपनीनं फोटोला मनाई केली. चांगलं केलं. पण कॅमेरा खिशात गेला म्हणून नजर सुधारत नाही.

कसोटी एकच. समोरचा 'नको' म्हणाला, तर आपण मुकाट्यानं मागं फिरतो का?

अन् मुंबई तर दूर. आपल्याच अमरावती-अकोल्यातली मेहतर वस्ती, गावाबाहेरचा पारधी बेडा, तिथं आपण कितीदा गेलो? गेलो तेव्हा पत्रकं वाटायला, भाषण ठोकायला. 'काऊन आले बाबू?' असं एखाद्या म्हातारीनं विचारलं, तर उत्तर काय? शेंडगावचे गाडगेबाबा गावात आले की आधी खराट्यानं गाव झाडत, बोलत ते रात्री, कीर्तनात. आधी हात, मग तोंड.

खाली पाहायची नजर जातीनं आपल्यालाही दिली आहे. ती घेऊन बेड्यात शिरणारा कार्यकर्ता निळा झेंडा धरो की आणखी काही, तो फौजदाराचाच भाऊ.