दुभाषी मुलगा

निपाणीकडील एक चाळिशीचे गृहस्थ आमच्या परिचयाचे आहेत. बुद्धी तल्लख, परंतु वीजबिल भरावयाचे राहते, हाती घेतलेला हिशेब अर्ध्यावर पडतो, दोन नोकऱ्या याच पायी गेल्या. ‘वेंधळा’ ही पदवी त्यांना शाळेतच मिळाली होती. हा ए.डी.एच.डी. नामक अवधानाचा विकार तर नव्हे, असा संशय त्यांना आला. पण तपासणार कोण?

समुपदेशकाच्या पाट्या पुष्कळ दिसतात. मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतो, परंतु औषध लिहून देण्यास वैद्यक परिषदेत नोंदलेला डॉक्टरच, शक्यतो मनोविकारतज्ज्ञ, लागतो. फोनवरूनही भागत नाही. या विकारावरील मेथिलफेनिडेट हे औषध २०२० च्या दूरवैद्यक-नियमांनुसार दुरून लिहून देता येत नाही. तेव्हा बेळगाव किंवा धारवाड गाठणे आले. (धारवाडचे नाव निघताच घरात जी कुजबुज सुरू होते, तिच्याविषयी पुन्हा केव्हातरी.)

येथवरची अडचण व्यवहाराची. खरा पेच पुढेच आहे. हा विकार रक्त तपासून कळत नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ च्या निकषांप्रमाणे त्याची काही लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षापूर्वी दिसलेली असावी लागतात. म्हणजे आईची साक्ष मोलाची. आईस मराठीवाचून भाषा येत नाही. सीमाभागात मराठी जाणणारे डॉक्टर काही कमी नाहीत, परंतु यांना जे भेटले ते कन्नडच बोलणारे. दुभाष्याचे काम अर्थातच मुलाकडे आले.

आई म्हणाली, “हुशार होता हो, पण आळशी.”

‘आळशी’ हा शब्द गाळावा, असा मोह आपणांस क्षणभर झाला, हे त्यांनी आम्हांस प्रांजळपणे सांगितले. आम्ही त्यांना दोष देत नाही. ज्या शब्दाने माणसास तीस वर्षे डागले, तोच त्याने स्वतःच्या मुखाने परभाषेत नेऊन ठेवावा, ही अपेक्षाच निर्दय आहे. तथापि तो गाळणे म्हणजे आईच्या तोंडी आपली इच्छा घालणे, आणि ज्या तपासणीत आपणच इच्छेप्रमाणे पुरावा रचला, तिच्या निकालाने मनाचे समाधान कसे व्हावे? शिवाय ‘आळशी’ ही साक्ष नव्हेच, तो निवाडा आहे. मुलगा नेमके काय करीत असे, हे विचारावयास हवे होते. आणि ते विचारणारा मुलगा असून चालणार नव्हते.

त्यांनी शब्द गाळला नाही. मात्र पुढल्या महिन्यात ते आईस कोल्हापुरास घेऊन गेले. निपाणीहून ते बेळगावापेक्षा जवळ. राज्य तेवढे दुसरे. तेथे आई डॉक्टरांशी अर्धा तास मराठीत बोलली, आणि हे बाहेर बाकावर बसून राहिले.