अंबादेवीचं दार आणि ले-आऊटमधला ओटा

13 नोव्हेंबर 1927 रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातल्या अस्पृश्यांची परिषद भरली. मुद्दा अंबादेवीच्या देवळाचा होता. देऊळ सार्वजनिक, मग आम्हालाच दार बंद का? पंजाबराव देशमुख या लढ्याच्या बाजूनं उभे राहिले, पुढे ते घटना समितीत गेले. त्या राज्यघटनेच्या 25व्या अनुच्छेदानं सार्वजनिक स्वरूपाच्या हिंदू धर्मसंस्था हिंदूंच्या सर्व वर्गांना खुल्या करण्याचा अधिकार सरकारला दिला.

तेव्हा देऊळ सर्वांचं करायचं होतं. आज अमरावती-अकोल्यात सर्वांची जागा देवळाची होते आहे. ले-आऊट मंजूर करून घेताना साधारण दहावा हिस्सा ओपन स्पेस म्हणून सोडावा लागतो. त्याची किंमत प्लॉट घेणारा प्रत्येक जण भरतो. तिथं आधी झाडाखाली शेंदूर लावलेला दगड येतो, मग ओटा, मग टिनाचं शेड, आणि निवडणूक जवळ आली की सभामंडप. खासदार निधीतून प्रार्थनास्थळाच्या आवारात काम करता येत नाही, असा नियम आहे. म्हणूनच कागदावर बहुधा ‘सांस्कृतिक सभागृह’ लिहिलं जातं. कुठं मजार वाढते, कुठं विहार. मात्र विहाराबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. ज्या वस्तीला पिढ्यान्‌पिढ्या स्वतःची वीतभर जमीन मिळाली नाही, तिथली पोरं अभ्यासाला त्याच खोलीत बसतात. अशा वस्तीला आधी वाचनालय द्यावं आणि मग नियम सांगावा.

29 सप्टेंबर 2009 रोजी सर्वोच्च न्यायालयानं रस्ते, बागा, सार्वजनिक जागा यांवर नवं अनधिकृत धर्मस्थळ होऊ देऊ नका, असा आदेश दिला. राज्य सरकारनं 5 मे 2011 च्या निर्णयानं जुन्या बांधकामांची वर्गवारी ठरवली : काही नियमित करायची, काही पाडायची, काही हलवायची. ज्याचं वय जास्त, त्याला सवलत मिळण्याची शक्यता जास्त. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातही हेच घडलं. 27 जून 2005 ला एकाच दिवशी दोन निकाल लागले. केंटकीच्या न्यायालयांतल्या बायबलमधल्या दहा आज्ञांच्या तसबिरी घटनाबाह्य ठरल्या, टेक्सासच्या विधानभवनाच्या आवारातली त्याच आज्ञांची शिळा मात्र राहिली. चाळीस वर्षं कोणी तक्रार केली नव्हती, हे निर्णायक मत देणाऱ्या न्यायमूर्तींना महत्त्वाचं वाटलं.

मला हा युक्तिवाद पटत नाही. कोणी बोललं नाही म्हणून सगळे राजी होते असं होत नाही. ज्या गल्लीत लेकराबाळांसह राहायचं, तिथं देवाविरुद्ध अर्ज कोण देणार? अमेरिकेत राज्य आणि धर्म यांच्यामध्ये भिंत असावी, ही कल्पना रुजलेली आहे. आपल्या घटनेनं तशी भिंत घातली नाही, उलट देवळाची दारं उघडायला राज्याला आत पाठवलं. ज्या राज्यानं सर्वांसाठी दार उघडलं, त्यानंच सर्वांची जागा एकाच्या हवाली केली, तर 1927 च्या प्रश्नाला काय उत्तर उरतं?

यात श्रद्धेचा काही अपराध नाही. श्रावणात गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन कावडी अकोल्याच्या राजराजेश्वराला येतात, तेव्हा रस्ता भक्तांचा असतो. दुसऱ्या दिवशी तोच रस्ता पुन्हा भाजीवालीचा, रिक्षावाल्याचा होतो. गाडगेबाबा याच मुलखातले. गावात आले की आधी खराटा हाती घेत, रात्री झाडलेल्या जागेवर कीर्तन करत, आणि पुढच्या गावाला निघून जात. धर्मशाळा त्यांनी बांधल्या, त्यात वाटसरू उतरले.

महापालिकांनी निदान एवढं करावं. प्रत्येक ओपन स्पेसवर क्षेत्रफळ, सर्व्हे नंबर आणि नकाशा असलेला फलक लावावा, ओट्याची पहिली वीट पडायच्या आत.