शटरशी कुस्ती खेळतोस?

आधी ती पहार खाली ठेव. आणि त्या पोराला शटरखालून बाहेर काढ, आत्ताच्या आत्ता. बाकीचं मग बोलू.

दोन वर्षं फिटरचा ट्रेड केलास ना? टांगलेल्या भाराखाली माणूस उभा करायचा नाही, हे वर्कशॉपमध्ये पाय ठेवल्या ठेवल्या शिकवलं होतं. चेन ब्लॉकला मोटार लटकत असताना तू चार हात लांब उभा राहायचास. आणि आता दहिसरला स्वतःचा गाळा झाला, गल्ल्यावर बसायला लागलास, तर अक्कल कुठे ठेवलीस? दार अडकलं की खांदा लावायचा, एवढंच तुझं शास्त्र. अरे, गाइडमधून निघालेलं शटर हे दार राहिलेलं नसतं. तो लटकलेला भार असतो, आणि तोही एका अंगाने.

वजन किती असेल, कधी विचार केलास? कर हिशेब. तुझं शटर दहा फूट रुंद, आठ फूट उंच, म्हणजे जवळजवळ 7.4 चौरस मीटर. सव्वा मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा चौरस मीटरला 10 किलोच्या आसपास भरतो. म्हणजे नुसता सपाट पत्रा धरला तरी 70 किलोच्या वर गेला. पट्ट्या एकमेकींत अडकवण्यासाठी वळवलेल्या कडा आणि खालचा अँगल अजून धरलेलाच नाही. हे वजन रोज एका हाताने वर जातं, ते तुझ्या दंडातल्या ताकदीने नव्हे. वरच्या पाइपवरच्या स्प्रिंगा ते तोलून धरतात म्हणून.

त्या स्प्रिंगांचंच तुला भय नाही, हा खरा राग आहे माझा. शटर जसं खाली येतं तसा स्प्रिंगेला पीळ बसत जातो. पूर्ण बंद शटर दिसतं गरीब, पण तेव्हाच वर सगळ्यात जास्त ताण भरलेला असतो. अशा वेळी स्टुलावर चढून ब्रॅकेटचे बोल्ट पान्याने सैल करणारा माणूस मूर्ख म्हणायचा की आत्मघातकी, ते तूच ठरव. पट्ट्या पाइपापासून सुटल्या तर पाइप गरकन उलटा फिरतो. हातात पाना अडकलेला असेल तर मनगटाचं काय होईल ते सांगायला नको. खाली पट्ट्यांचा लोट येईल तो वेगळाच. आणि हे करू बघणारा फिटर माझ्या हाताखालचा!

पुन्हा म्हणतोस, ‘सर, अचानक निघालं.’ खोटं बोलू नकोस. डाव्या गाइडला टेम्पोने रिव्हर्स घेताना ठोकर मारली, ती चेपलेली जागा मला रस्त्यावरून दिसते. तिथे पोहोचल्यावर शटर रोज करकरत होतं, आणि तू पोराला ‘जोर लाव’ म्हणत होतास. पट्टी बाजूला सरकू नये म्हणून टोकाला क्लिप असते. तुझ्या निम्म्या पट्ट्यांना ती उरलेलीच नाही. खालचा अँगल गंजलाय. गंजणारच, इकडे खाडीचा वारा आहे, आणि 26 जुलै 2005 ला दहिसर नदी किती वर आली होती ते या भागातल्या म्हाताऱ्यांना विचार. सखल गाळ्यात पाणी शिरलं की गाइडमध्ये चिखल बसतो. तो काढायचा, पुसून घ्यायचा, पातळ तेलाचा हात फिरवायचा. तू काय केलंस? मूठभर ग्रीस थापलंस. त्यावर हायवेची धूळ बसली आणि गाइडमध्ये पॉलिश पेपर तयार झाला.

मोटार बसवणार म्हणे आता. बसव. पण वाकडं शटर मोटारीने ओढलं तर ते सरळ होत नाही, फाटतं. हाताला निदान कळतं की कुठेतरी अडलंय. साध्या मोटारीला तेही कळत नाही. अमेरिकेत घरच्या गॅरेजच्या दाराखाली मुलं सापडून मेली, तेव्हा कायदा करावा लागला. 1993 पासून तिथे बनणाऱ्या घरगुती मोटारींना, खाली काही सापडलं तर दार उलटं वर नेण्याची सोय सक्तीची आहे. तशी सोय नसलेली स्वस्त मोटार तुझ्या गाळ्यावर मला दिसता कामा नये.

आता काय करायचं ते नीट ऐक. शटर आहे तिथेच राहू दे. वर नको, खाली नको. पुढे मोटार बसली आणि असं झालं, तर पहिल्यांदा मेन स्विच बंद करायचा. पावसाळ्यात बोर्डाची वायर घासून शटरला करंट उतरतो, तेव्हा टेस्टर लावल्याशिवाय पत्र्याला हात नाही. आज ते अर्ध्यात लटकलंय, म्हणून दोन्ही अंगांना दोरी बांध आणि फूटपाथवरची माणसं लांबून वळव. शाळेतून पोरं याच वाटेने येतात. टेकू लावायचा तर बाजूला उभं राहून जाड लाकडी बल्ली लाव, दोन्हीकडे. खाली वाकावं लागत असेल तर टेकूही नको. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर शटर तोलणारे महाभाग मी पाहिलेत, त्यांच्यात जाऊन बसू नकोस. आत कोणी असेल तर मागच्या दाराने बाहेर. मागचं दार नसेल तर 101 ला फोन करून अग्निशमन दल बोलवायचं, ‘पटकन वाकून निघ’ असं कोणाला सांगायचं नाही.

आणि रोज शटरच करणारा कारागीर बोलाव. ग्रिलवाला वेल्डर नको, स्प्रिंगेचा पीळ उतरवणं हे त्याचं काम नव्हे. गाइड बदलायला सांग, ठोकून सरळ करून घेऊ नकोस.

धंदा बुडेल म्हणतोस. बुडू दे एक दिवस. तो पोरगा गावाहून तुझ्या भरवशावर आलाय, ‘शेठ म्हणाले’ म्हणून कुठेही वाकतो. त्याला आज सुट्टी दे, आणि पगार कापू नकोस.