कृपादान मागणाऱ्याचे मन

देवाजवळ अन्न मागावे, आरोग्य मागावे, संकटातून सुटका मागावी, यात कोणास फारसे वावगे वाटत नाही. परंतु कोणी आत्मिक सामर्थ्य मागू लागला म्हणजे मनात शंका येते की, हे मागणे भक्तीचे की महत्त्वाकांक्षेचे? ज्ञानाचे वचन, रोग बरे करण्याची शक्ती, ईश्वरी संदेश सांगणे, अन्य भाषा बोलणे इत्यादी ज्या देणग्यांस ख्रिस्ती मंडळीत कृपादाने म्हणतात, त्या पवित्र आत्मा आपल्या इच्छेप्रमाणे वाटून देतो, असे पौल करिंथ येथील मंडळीस शिकवितो. आणि त्याच पत्रात त्यांची उत्कंठा धरावी असेही सांगतो. तेव्हा मागावे की मागू नये, हा वाद येथे उरत नाही. मागणाऱ्याचे मन कसे असावे, एवढेच पाहावयाचे.

या विषयाचा विचार करिताना आम्हांस नेहमी शोमरोनचा शिमोन आठवतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात त्याची हकीकत आहे. हा जादूगार. लहानथोर सारे त्याच्या नादी लागलेले. देवाची महाशक्ती ती हीच, असे लोक त्यास म्हणत. पुढे फिलिप्प त्या नगरात आला, लोक त्याच्याकडे वळले, आणि शिमोनानेही विश्वास ठेवून बाप्तिस्मा घेतला. नंतर यरुशलेमाहून पेत्र व योहान आले. त्यांनी हात ठेविले की लोकांस पवित्र आत्मा मिळे. हे पाहून शिमोनाने पैसे पुढे केले. मंडळीतील पदे पैशाने घेण्याच्या पापास यूरोपात पुढे त्याच्याच नावावरून नाव पडले, आणि त्यामुळे त्याचा अपराध काय तो पैशाचा, असा सर्वसाधारण समज झाला आहे.

आम्हांस मात्र पैशाहून त्याच्या मागण्याचे शब्द अधिक बोलके वाटतात. मला पवित्र आत्मा मिळो, असे तो म्हणत नाही. मी ज्याच्यावर हात ठेवीन त्याला तो मिळावा, हा अधिकार मला द्या, असे त्याचे मागणे आहे. त्यास घेणारा व्हावयाचे नव्हते, देणारा व्हावयाचे होते. ज्या रस्त्यावर काल लोक आपणास वाट करून देत होते, त्याच रस्त्यावर आज आपण गर्दीतले एक झालो, हे दुःख त्याच्या पोटात होते. पेत्राने खडसाविल्यावरही तो म्हणतो काय, तर तुम्ही सांगितलेले अनिष्ट मजवर न येवो म्हणून तुम्हीच प्रार्थना करा. शिक्षेचे भय आहे. मनातल्या खोटेपणाची लाज दिसत नाही.

परंतु शिमोनाला हसून मोकळे होण्याचा आम्हांस तरी अधिकार नाही. एकदा एका प्रार्थनासभेत आम्हांस प्रार्थना करावयास सांगितले होते. आरंभीची दोन वाक्ये देवाशी बोललो असू. तिसऱ्या वाक्याला मागच्या बाकावरून कोणाचा तरी हुंदका ऐकू आला, आणि तेथून पुढची वाक्ये त्या हुंदक्यासाठी रचिली गेली. आमच्यानंतर एका म्हाताऱ्या बाईने अडखळत, चुकत प्रार्थना केली आणि सारी सभा स्तब्ध झाली. त्या वेळी आमच्या मनात आनंद उठला नाही, एक बारीकशी कळ उठली. ज्या आत्म्याचा वर्षाव व्हावा म्हणून आम्ही आताच विनविले होते, तो शेजारी झाला तर आम्हांस का बोचावे? त्या दिवसापासून आम्ही ही एक कसोटी हाताशी ठेविली आहे: मागितलेले दान दुसऱ्यास मिळाले तर आपणास कसे वाटेल?

कोणी म्हणेल, असे आहे तर मन शुद्ध होईपर्यंत मागूच नये. आपल्याकडील संतांनीही सिद्धी ही परमार्थातील आडवाट मानिली, ते याच भयाने. ते भय खरे आहे. पण सिद्धी आणि कृपादान यांत एक भेद आहे. सिद्धी साधकाने कमाविलेली, म्हणून ती त्याची. कृपादान मंडळीच्या हितासाठी एकाच्या हाती दिलेले असते, पोस्टमनच्या हाती पत्र असावे तसे. पत्र दुसऱ्याचे आहे म्हणून पोस्टमनने ते घेण्याचे नाकारिले, तर त्यास नम्र कोण म्हणेल? ‘आम्हांस काही नको’ असे म्हणणाऱ्याच्या मनात पुष्कळदा उपकार नको, परावलंबन नको, हाच ताठा असतो. जब्दीच्या दोघा पुत्रांनी येशूच्या उजव्या-डाव्या हाताच्या जागा मागितल्या, तेव्हा त्याने त्यांचा हेतू सुधारला, पण त्यांस हाकलून दिले नाही. मिश्र हेतूनेच मनुष्य देवापुढे येतो. आधी शुद्ध होऊन मग येईन म्हणणारा तर स्वतःच्या शुद्धतेवर भार टाकणारा ठरतो.

मागावे कसे, याचे एक उदाहरण आपल्याच प्रांतात घडले. १९०५ सालच्या आरंभी केडगावच्या मुक्ति सदनात पंडिता रमाबाई आणि सुमारे सत्तर जणी रोज सकाळी प्रार्थनेस बसू लागल्या. हिंदुस्थानातील सर्व ख्रिस्ती लोकांचे खरे परिवर्तन व्हावे, आणि त्यांत आम्हीही आलो, असे त्यांचे मागणे होते. ‘आम्हीही’ हा शब्द आम्हांस फार मोठा वाटतो. संस्थेची चालक, हजारोंस आसरा देणारी बाई, १८८३ साली बाप्तिस्मा घेतलेली. तिने स्वतःस देणाऱ्यांत न बसविता मागणाऱ्यांत बसविले. सहा महिन्यांत तेथे मोठी जागृती झाली. मुली रडल्या, त्यांनी आपले अपराध उघड बोलून दाखविले. पुढे काही अन्य भाषांत बोलू लागल्या, आणि त्यांच्या टोळ्या आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगावयास निघाल्या. बाहेरच्यांचे लक्ष अर्थातच अन्य भाषांकडे अधिक गेले. करिंथातही तसेच झाले होते, आणि पौलाने तेथे लिहिले होते की, न समजणाऱ्या दहा हजार शब्दांपेक्षा समजणारे पाच शब्द आपणास बरे वाटतात.

रमाबाईंस भाषांचे देणे लहानपणापासूनच होते. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांच्या संस्कृत विद्वत्तेवरून त्यांस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ म्हटले. एवढे शब्द ज्यांच्यापाशी, त्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे कशात घालविली? हिब्रू आणि ग्रीक शिकून, नुकत्याच अक्षरे जुळवू लागलेल्या बायकांस समजेल अशा साध्या मराठीत पवित्र शास्त्र उतरविण्यात. एखादा संस्कृत शब्द लेखणीपाशी आला की तो बाजूस सारावयाचा, आणि जात्यावरची बाई जो बोलते तो शोधावयाचा, हे काम किती वर्षे चालले असेल याची कल्पना करावी. १९२२ साली त्या वारल्या. संपूर्ण ग्रंथ मुक्तीच्या छापखान्यातून १९२४ साली बाहेर पडला.